एकेचाळीस सह्या

पणजोबा घरांची कुलुपं घडवीत, आजोबा तिजोऱ्यांची, तर वडील तुरुंगाच्या कोठड्यांची. चौथ्या पिढीत दुकान आक्कांच्या हाती आलं. त्या सकाळी त्या नेहमीप्रमाणे किल्ली कानशीने घासत असताना गल्लीतला इमारतींचा ठेकेदार सह्यांचा कागद घेऊन आत शिरला.

आक्कांच्याच कारागिराने, ज्याला सगळे चिमटा म्हणत, समोरच्या निवृत्त नर्सबाईंच्या दुरुस्तीला आलेल्या कुलपाची जादा किल्ली काढून त्यांचं शिलाई मशीन चोरून विकलं होतं. गुन्हा त्याने कबूल केला होता. न्यायालयाने गल्लीचं मत मागवलं होतं: दीड वर्ष तुरुंग, की कोणी जामीन राहिल्यास कामातून भरपाई?

"एकेचाळीस सह्या झाल्या, आक्का. तुमचीच राहिली. आत गेला की सुतासारखा सरळ होईल."

"तू बांधलेला जिना कोसळून दोघांचे पाय मोडले, तेव्हा तू किती दिवस आत होतास रे?"

"ते वेगळं. मी दंड भरला."

"हो, आणि कोर्टात इस्त्रीचा सदरा घालून आला होतास, म्हणून सुटलास!"

दुकानातल्या बाकावर बसलेल्या नर्सबाई उसळल्या. "अहो, मला विचारलंत का कोणी? तो आत गेल्यावर माझी शिवणं तुम्ही शिवणार? मला माझं मशीन हवंय!"

"बाई, तुम्हाला यातलं कळत नाही," ठेकेदार म्हणाला.

आक्कांचा हात थांबला. अशाच एका कानशीच्या चोरीपायी वडिलांनी जुन्या कारागिराला तुरुंगात धाडलं होतं. स्वतः घडवलेल्या कुलपामागे तो दोन वर्षं राहिला. सुटल्यावर याच पायरीशी येऊन उभा राहिला, तेव्हा वडील "दार लाव" म्हणाले आणि आतून कडी घातली ती आक्कांनीच. पुढे त्याला कोणीच काम दिलं नाही.

त्यांनी कागद ओढून घेतला. "सही करणार नाही. मी जामीन राहते."

"दुकान बसेल तुमचं!"

"बसू दे. तू नीघ."

दुकान खरोखरच बसलं. गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून पलीकडून जात. न्यायालयाने ठरवून दिल्याप्रमाणे चिमटा सकाळी सरकारी दवाखान्यांची बिघडलेली कुलुपं फुकट दुरुस्त करी, दुपारी आक्कांकडे मान खाली घालून राबे. अकराव्या महिन्यात मजुरीतून घेतलेलं मशीन त्याने नर्सबाईंच्या खिडकीशी नेऊन ठेवलं. त्यांनी चिंधी शिवून पाहिली. "टाका सरळ येतोय," त्या म्हणाल्या.

चिमटा परतून दुकानाच्या पायरीशी घुटमळला. आक्का उठल्या आणि त्यांनी दार सताड उघडलं.

"बाहेर काय उभा? आत ये."

मागोमाग नर्सबाई आल्या. आक्कांनी जपून ठेवलेला तो कागद त्यांनी मागून घेतला, उलटा केला आणि एकेचाळीस सह्यांच्या पाठीवर लिहिलं: "माझी भरपाई पूर्ण मिळाली."