दारावर दोन नावं

मित्रांनो, अरब अमिरातीतल्या रास अल खैमा शहरात समुद्रालगत एक उंच इमारत आहे. तिथल्या एका फ्लॅटच्या दारावर मी राहते. मी एक जुनी पितळी पाटी. माझ्यावर एकाच ओळीत दोन नावं आहेत: खैरुद्दीन मुकादम, राजन देवधर.

माझा जन्म रत्नागिरीच्या बाजारातला. नावं कोरणारा कारागीर कुरकुरत होता, "वर-खाली घेऊ या की, अक्षरं मोठी येतील." पण मरियमबी, म्हणजे खैरुद्दीनची बायको, म्हणाली, "नको. कोणीच खाली नको." म्हणून माझी अक्षरं बारीक आहेत. मग आमसुलांच्या पुडीशेजारी बसून मी विमानाने इथे आले.

खैरुद्दीन आणि राजन एकाच टाइल्सच्या कारखान्यात नोकरीला. दोघांनी निम्मे-निम्मे पैसे घालून हे घर घेतलं. एक खोली मुकादमांची, एक देवधरांची, स्वयंपाकघर दोघांचं. मासे कधी तळायचे, यावरून मरियमबी आणि राजनची बायको मृणालिनी यांच्यात लटके वाद होत आणि जेवणं मात्र एकत्रच होत. येणारे पाहुणे मला बघून म्हणत, "वा, भावांसारखे राहता!" मी फुगून जायचे. मृणालिनी दर शुक्रवारी मला लिंबाने घासायची.

पण घराच्या कागदावर दुसरं नाव नव्हतंच. नोंदणीच्या दिवशी राजन वडिलांच्या आजारपणामुळे पुण्याला होता. खैरुद्दीनने एकट्याने सह्या केल्या. "तू आलास की तुझं नाव घालू," असं ठरलं. मग पुन्हा फी भरायची, पुन्हा रजा काढायची, असं म्हणत ते राहूनच गेलं. राजनला वाटे, मागितलं तर याला वाटेल माझा विश्वास नाही. खैरुद्दीनला वाटे, मी विषय काढला तर त्याला वाटेल, त्याच्या मनात संशय आहे असं मी धरून चाललोय. आणि दोघेही हसत चहा पीत राहिले.

यंदा खैरुद्दीनच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. तेव्हापासून मला कोणी घासलं नाही. खाऱ्या हवेने मी काळपट झाले.

एका संध्याकाळी राजन आणि मृणालिनी माझ्यासमोर, बाहेरच्या पॅसेजमध्ये, हळू आवाजात बोलत होते.

"आता तरी खैरुद्दीनभाईंशी बोल," मृणालिनी म्हणाली.

"तो आजारी आहे गं. आत्ता कागद मागू? शोभतं का?"

"आणि काही झालं तर? कागदावर आपण कुणीच नाही, राजन. आपली सगळी पुंजी या घरात आहे. आपल्या इराला घेऊन जायचं कुठे?"

दार अर्धवट उघडं होतं. आत मरियमबी कोथिंबीर निवडत होती. तिचा हात थांबलेला मला दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आली आणि मला काढू लागली. खैरुद्दीन छाती धरत दाराशी आला.

"अगं, पाटी का काढतेस?"

"खोटं बोलते ती. दारावर दोन नावं, कागदावर एक."

मला फार लागलं, मित्रांनो. पण ती खरंच बोलत होती.

"राजनने कधी मागितलंच नाही," खैरुद्दीन पुटपुटला.

"मागणार कसा? तुम्ही दोघं एवढे सभ्य, की घर हवेत लटकलंय! ऑपरेशन इन्शाल्ला नीट होईल. पण उद्या गावाहून तुमचे भाऊ आले आणि म्हणाले, हे राजन कोण, तर मी त्यांना काय दाखवू? ही पाटी?"

राजन हातात बूट घेऊन तिथेच उभा होता. "भाभी, ऑपरेशन होऊ दे, मग बघू."

"मग-बिग खलास! यल्ला, चला, गाडी काढा. मृणालिनी, पासपोर्ट घे सगळ्यांचे."

छोटी इरा आतून ओरडली, "फायनली!"

मला मरियमबीने पर्समध्ये टाकलं, त्यामुळे सरकारी कचेरी मी पाहिली नाही, नुसती ऐकली. कारकुनाने विचारलं, "हिस्सा किती?" खैरुद्दीन म्हणाला, "फिफ्टी-फिफ्टी." मग राजनला म्हणाला, "फी पण फिफ्टी-फिफ्टी हां, हबीबी!" राजन हसला आणि त्याने पाकीट काढलं. पुढे एकाला घर विकायचं झालं तर काय करायचं, हेही त्यांनी वकिलाकडून लिहून घेतलं. कोणाला राग आला नाही. काही दिवसांनी नवा कागद हाती आला. त्यावर दोन्ही नावं होती. मृणालिनीने तो दोनदा वाचला आणि नीट घडी घालून ठेवला. खैरुद्दीन म्हणाला, "आता मला खुशाल ऑपरेशनच्या टेबलावर झोपवा."

त्याच दिवशी मरियमबीने मला पुन्हा दारावर बसवलं. ऑपरेशन नीट झालं. तो आता संध्याकाळी समुद्राकाठी फिरतो, राजन त्याला भराभर चालू देत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातली मोठी माणसं मित्रांबरोबर किंवा नातेवाइकांबरोबर घर घेत असतील, तर जरूर विचारा, "कागदावर कोणाकोणाचं नाव आहे?" असं विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. माणसं आवडतात म्हणूनच ते आधी विचारायचं असतं, सगळे हसत असताना, सगळे बरे असताना. कोणी आजारी पडेपर्यंत थांबू नका. माझ्यासारखी पाटी कितीही घासली, तरी ती कुणाचं छप्पर राखू शकत नाही.