झेलीच्या खांद्यावर

जिन्यावर बुटांचे आवाज. रिकामी बशी. साबणाचा वास. अंगठ्याएवढा काळा डाग.

मित्रांनो, हे आठवले की आजही माझ्या कडा आक्रसतात. मी चित्रकाराच्या वहीतला कागद, आता पिवळा पडलेला. जुन्या शर्टांच्या चिंध्या कुजवून, कुटून मला बनवले. पॅरिसमध्ये, बेलव्हिलच्या एका माळ्यावर, एव्हारिस्त नावाच्या चित्रकाराने माझ्यावर पेन्सिलीने झेली धोबिणीचे चित्र काढले. पाय रोवून उभी, खांद्यावर बंदूक. त्या वसंतात शहर बंडखोरांच्या ताब्यात होते. त्याच्या मित्रांनी चित्र वाखाणले, मीही फुशारलो.

मे सरता सरता बंड मोडले. सरकारी सैनिक घरोघर शिरू लागले. बंदूक घेतलेली बाई सापडली, की तिला भिंतीशी उभी करून गोळी घालत. घाबरलेली झेली आमच्या माळ्यावर येऊन लपली.

खालच्या मजल्यावर दार फुटले.

"साहेब, ते चित्र जाळा आधी!"

"धुराच्या वासाने धावत येतील." एव्हारिस्तने बशी चाचपली. पेन्सिलीच्या रेघा तो पावाच्या मऊ गराने खोडायचा. "पाव कुठं गेला गं?"

"खाल्ला."

"माझा खोडरबर होता तो!"

"दोन दिवस उपाशी होते. मग काय, पेन्सिल चावू तुमची?"

त्याने अंगठ्याने बंदूक घासली. डाग पडला, बंदूक तशीच. मग त्याने पेन्सिल दाबून धरली. चित्रातल्या बंदुकीच्या नळीवर एक ओला शर्ट रेखून टांगला, दस्त्यावर दुसरा. तिसऱ्याची कॉलर अर्धी राहिली आणि दार उघडले.

सैनिकाने मला उचलले. त्याच्या बोटाला काळे लागले.

"ताजं आहे हे."

"रोज हात फिरवतो त्यावर," एव्हारिस्त कसाबसा म्हणाला.

बंदुकीच्या दारूचा वास येतो का, म्हणून सैनिकाने झेलीचा हात ओढून हुंगला. साबण. "चित्रात खांद्यावर काय आहे?"

"तुमच्यासारख्यांचे शर्ट, दादा. कॉलरी फार मळवता तुम्ही."

मागचा सैनिक फिस्सकन हसला. मला जमिनीवर भिरकावून ते पुढच्या दाराकडे गेले.

मित्रांनो, मला ओल लागू देऊ नका, उन्हात टांगू नका. आणि माणूस चितारताना त्याच्या हाती काय देता, ते जपून द्या.

एव्हारिस्त माझ्यावर चित्र काढत होता, तेव्हा झेलीच्या खांद्यावर खरं तर कपडे वाळत घालायची काठी होती.