निकेफोरच्या पाठीवरचे वळ

"दगडावर कोरलेलं नाव सूर्य विझेपर्यंत टिकतं!" असं निकेफोरनं सहा वर्षांपूर्वी गावच्या चौकात, पुतळ्याच्या पायथ्याशी उभं राहून, खड्या आवाजात जाहीर केलं होतं. तेच नाव खरवडून काढायला पाथरवटाला दुपारच्या जेवणापर्यंतचा वेळ पुरला. त्यातही तो मध्येच एकदा छिन्नीला धार लावायला घरी जाऊन आला.

पुतळा गाल्लुस धन्यांचा. रोमच्या सिनेटातलं बडं प्रस्थ, या लहानशा बंदराचे पालक आणि निकेफोरचे जुने मालक. निकेफोर त्यांच्या घरचा गुलाम. त्यांनी त्याला मोकळं केलं, रीतीप्रमाणे आपल्या घराण्याचं नाव दिलं, आंबवलेल्या माशांच्या रसाचा धंदा काढून दिला. त्या उपकारापोटी त्यानं संगमरवरात धनी उभे केले आणि खाली स्वतःचं नाव घातलं. अक्षरं धन्यांच्या नावापेक्षा बोटभरच लहान.

मग रोमहून खबर आली. गाल्लुस सम्राटाच्या मर्जीतून उतरले, त्यांना एका बेटावर हद्दपार केलंय, आणि त्यांचं नाव असेल तिथून पुसायचंय.

गावप्रमुख ओविनिउस स्वतः वखारीत आला. "निकेफोरशेठ, पहिला घाव तुमचा पाहिजे. तुमचं त्यांचं नाव एकच. उद्या कुणी विचारलं तर गावानं काय सांगायचं?"

निकेफोरनं पहिला घाव घातला. इथवर कुणी त्याला बोल लावला नसता. पुसावं लागतं तेव्हा सगळेच पुसतात. पुतळ्याचं डोकं खोबणीतून अलगद काढून बाजूला ठेवलं. धड तसंच राहू दिलं, पुढे जो कोणी मोठा होईल त्याच्या कामाला येईल म्हणून. वरची ओळ गेली. खाली उरलं, "कृतज्ञतापूर्वक, निकेफोर." कोणाला कृतज्ञ, ते आता दगडालाही सांगता येईना.

"शेठ, एक सांगू?" पाथरवट हात झटकत म्हणाला. "कोरलेलं लोक वाचत नाहीत. पुसलेलं मात्र थांबून थांबून वाचतात."

पण घोटाळा झाला तो पुढे. घाव घातला तरी टाळ्या पडल्या नाहीत. निकेफोरला त्या चौकात टाळ्यांची सवय होती. त्याला ती शांतता सोसवेना. तो पायरीवर चढला आणि ओरडला, "या माणसानं मला चाबकानं फोडून काढलंय! अजून वळ आहेत माझ्या पाठीवर!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. ओविनिउसनं तर मिठीच मारली.

खरं म्हणाल तर धन्यांनी त्याला आयुष्यात एकदाच हात लावला होता. तो विशीत होता. ताटातलं उरलेलं चोरून खाताना माशाचा काटा घशात अडकला, तेव्हा पाहुण्यांना तसंच टाकून ते उठले आणि स्वतः दोन बोटं घालून त्यांनी तो काढला. चोरीबद्दल एक शब्दही बोलले नाहीत.

हे आठवायच्या आधी निकेफोरला दुसरंच काहीतरी आठवलं, आणि घराच्या वाटेवर त्याचा हात पाठीकडे गेला. गावात रोज दुपारी न्हाणीघर. तिथे ओविनिउसही उघडा, पाथरवटही उघडा, आणि निकेफोरही. गेली कित्येक वर्षं अख्ख्या गावानं त्याची पाठ पाहिली होती. गुळगुळीत, गोरी, जैतुनाच्या तेलानं चकाकणारी. टाळ्यांच्या भरात ती कुणाला आठवली नसेल, पण समोर दिसली की आठवणारच.

त्या दिवसापासून त्यानं न्हाणीघर सोडलं. सर्दी झालीय, म्हणाला. माशांच्या रसाचा व्यापारी आठ दिवस बिनआंघोळीचा, त्यात उन्हाळा. गिऱ्हाइकं वारा कुठून येतोय ते बघून उभी राहू लागली.

"अहो वळवाले," त्याची बायको ख्रेस्ते नाकाला पदर लावून म्हणाली, "तीस वर्षं ही पाठ मी चोळतेय. तिच्यावर एक तीळ आहे. तिळाला वळ म्हणतात होय तुमच्यात?"

"अगं, हळू बोल."

"मी बोलेन हळू. वासाला कोण सांगणार?"

मग मसूर निवडता निवडता, मान वर न करता ती म्हणाली, "आपल्याला दोघांना एकाच दिवशी मोकळं केलं त्यांनी. मला वेगळं विकता आलं असतं. गिऱ्हाईक आलंही होतं."

त्या दिवशी निकेफोर जेवला नाही. पोटात दुखतंय, म्हणाला. या वेळी ते खरं होतं.

नवव्या दिवशी, भर दुपारी, दारात खेचराची गाडी थांबली. निकेफोरनं फटीतून पाहिलं आणि तो थेट पिंपांच्या मागे जाऊन बसला. तिथे त्यानं चौकातून आणून लपवलेलं धन्यांचं संगमरवरी डोकं होतं. दोघं समोरासमोर आले.

"बाहेर या," ख्रेस्ते म्हणाली. "धनी आलेत. उभे आहेत."

गाल्लुस पार वाळले होते. पाय सुजलेले, सोबत एक गाडीवान आणि पाळतीवरचा एक शिपाई. बेटाकडे जाणारं उद्या सकाळचं जहाज धरायचं होतं. निकेफोरनं त्यांचे गुडघे धरले.

"धनी, चौकात..."

"पाहिलं येताना. मान सफाईनं काढलीय. डोकं फोडलंस?"

"नाही, धनी. आत आहे. पिंपांमागे."

"असू दे. अरे, मीही पुसलीत कितीतरी जणांची नावं. खांदा भरून येतो, नाही?"

ही माफीच होती, आणि तीच निकेफोरला झेपेना. नाव पुसल्याची माफी मिळाली. वळांचं काय? ते यांच्या कानावर गेलंय की नाही, तेही चेहऱ्यावरून कळेना. त्यानं दोनदा तोंड उघडलं. काटा अडकावा तसे शब्द घशात अडकले, आणि या वेळी तो त्याचा त्यालाच काढायचा होता.

"धनी, मी त्या दिवशी आणखी एक... पाठीबद्दल..."

तेवढ्यात चौकापलीकडे न्हाणीघराची, पाणी तापल्याची घंटा झाली. ओविनिउस, पाथरवट, सगळं गाव खांद्यावर पंचा टाकून निघालेलं दारातून दिसत होतं. ख्रेस्तेनं, कुणी न सांगता, तेलाची कुपी आणि अंगावरचा मळ काढायची पितळेची खरवडणी आणून निकेफोरच्या हातात ठेवली.

"पाठीचंच म्हणणार होतो मीही," गाल्लुस म्हणाले. "सहा दिवसांच्या धुळीनं चिकटलीय नुसती, आणि घासायला माणूस उरला नाही. चल की जरा न्हाणीघरात. तुझीही लागलीच होऊन जाईल."