सुभेदारांचा डावा पाय

पलटणीतील चोवीस वर्षांपैकी अकरा वर्षे सुभेदारांनी एक नेम निष्ठेने पाळला होता. दिवसभराची कूच संपली की जवान ओळीने बसून बूट-मोजे उतरवीत, आणि सुभेदार जमिनीवर गुडघा टेकून एकेकाचे तळवे हातात घेऊन निरखीत. ज्याच्या पायाला जखम आढळे, त्याला दुसऱ्या दिवशी सामानाच्या गाडीत बसावे लागे. ती नामुष्की टाळण्यासाठी जवान नाना क्लृप्त्या लढवीत. कोणी दुहेरी मोजे घाली, कोणी जखमेचा वास दडवण्यासाठी कापूर चोळी, तर कोणी लंगडणे झाकण्यासाठी गाणे म्हणत ठेक्यात चाले. परंतु सुभेदारांच्या दृष्टीतून एकही पाय निसटत नसे.

निवृत्तीनंतर त्यांना छपराखाली झोप लागेना. पत्नी निवर्तल्यावर तर वर्षातील चार-पाच महिने ते पाठीवर पिशवी टाकून बाहेरच असत. नद्यांचे उगम, वाळूचे ओसाड प्रदेश, ढगांच्याही वर निघालेल्या डोंगरधारा यांतच त्यांचे चित्त रमे. त्यांची एकुलती एक मुलगी औषधांचे दुकान चालवीत असे. ती म्हणे, की बाबांनी हे घर केवळ पत्ता लिहिण्यापुरते ठेवले आहे. त्यांना मधुमेह जडल्यावर मात्र तिने निक्षून सांगितले होते, की पायाला ओरखडा जरी उठला, तरी त्या दिवसापासून भटकंती बंद.

गेल्या खेपेस ते तीन दिवस एका उंच डोंगरधारेवरून चालले. तिसऱ्या दिवशी उतरताना कोठेही ठणका नाही, हे जाणवून त्यांना धन्यता वाटली. सत्तरीतही आपण तसेच काटक आहोत, असे मनात आले. मुक्कामी बूट काढला, तेव्हा मोज्यात हरभऱ्याएवढा खडा निघाला. तो रक्ताने माखला होता. रोगाने डाव्या तळव्याची संवेदना केव्हाच हिरावून नेली होती, आणि त्या बधिरतेलाच ते आजवर काटकपणा समजत आले होते.

घरी आल्यावर सुभेदारांनी दुहेरी मोजे घातले, कापूर आणला, आणि मुलगी समोर असली की गुणगुणत ताठ चालू लागले. जखमेवरच्या पट्ट्या ते दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानातून आणीत. शेवटी त्या दुकानदारानेच एके सकाळी मुलीला हसत विचारले, "काय हो ताई, वडील रुसलेत का तुमच्यावर? घरचं दुकान सोडून पट्ट्या आमच्याकडून नेतात."

ती भर कामाच्या वेळी दुकान बंद करून घरी आली. तिने त्यांना खुर्चीत बसवले, आणि जमिनीवर गुडघा टेकून मोजा उतरवला. त्यांनी पाय पुढे केला.

रुग्णालयात शल्यवैद्यांनी विचारले, की जखमेला किती दिवस झाले.

"पाच," सुभेदार म्हणाले.

वैद्यांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले. जखमेचे तोंड लहान होते. ते सावकाश समजावू लागले, की पाचच दिवस झाले असतील, तर विष खोल गेले नसावे. जखम साफ करून तीन दिवस औषधे देऊ, फार तर दोन बोटे जातील. जखम जुनी असती, तर आजच पोटरीतून पाय काढावा लागला असता. मात्र गुडघा वाचला असता, आणि गुडघा असला की कृत्रिम पायाने माणूस डोंगरसुद्धा चढतो.

जखमेला तेवीस दिवस झाले होते. सुभेदारांनी बोलण्यासाठी तोंड उघडले. तेवढ्यात मुलीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "बघा, थोडक्यात निभावलं. आता बोटं मोजून घरी नेईन तुम्हांला." तिला हसताना पाहून त्यांच्याने खरे सांगवले नाही. शिवाय त्या तीन दिवसांत पाय आपोआप बरा होईल, अशी बालिश आशाही त्यांना होती.

तिसऱ्या दिवशी पहाटे ताप चढला. दुपारपर्यंत लाली गुडघ्याच्या वर पोहोचली. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर त्यांच्या वतीने मुलीने सही केली.

शुद्ध आल्यावर सुभेदारांचा हात पांघरुणाखाली सरकू लागला. तो पोहोचण्यापूर्वीच मुलीने धरला.

"आधी पाणी घ्या, बाबा."

ते समजले. त्यांनी दोन घोट घेतले. मुलगी खालच्या मानेने बोलत राहिली, की चूक तिचीच. दिवसभर लोकांना मलमे विकते आणि घरातला पाय तिला दिसू नये. डॉक्टरही बाहेर डोके धरून बसलेत, म्हणतात, पहिल्याच दिवशी कापायला हवा होता.

"तेवीस दिवस झाले होते," सुभेदार म्हणाले.

तिने वर पाहिले.

"मी खोटं बोललो, बाळ. तुझी चूक नाही. त्यांचीही नाही."

त्यांना वाटले, ती रागावेल. ती रागवावी, असेच त्यांना वाटत होते. पण तिने केवळ त्यांचा हात अलगद पांघरुणावर ठेवला, उशी सारखी केली, आणि डॉक्टरांना सांगून येते, एवढेच म्हणून ती बाहेर गेली. दार लोटले गेले. ती केव्हा परतेल हे ती सांगून गेली नव्हती, आणि उठून तिच्यामागे जाणे आता त्यांच्या हाती उरले नव्हते.