लई गार पडली

मित्रांनो, मंगळवेढ्याजवळच्या एका गावात, चावडीच्या अंगणात जो पत्र्याचा जुना डबा गंजत उभा आहे, तो मीच. माझं भारदस्त नाव पर्जन्यमापक, पण गाव मला ‘पावसाचा डबा’ म्हणे. डोक्यावर नसराळं, पोटात बाटली. या कोरड्या मुलखात वर्षातले बरेच महिने मी नुसता ऊन खात असे.

कोतवाल महिपती मला फार जपे. त्याला शिकवलं होतं, “नसराळ्यात कचरा ठेवायचा नाही, पाणी तेवढं मोजायचं.” तो पानं, पिसं दिसताक्षणी काढून टाकी. तालुक्याच्या साहेबांनी एकदा त्याची पाठही थोपटली होती.

१९७६च्या फेब्रुवारीत ज्वारी हुरड्यात आली आणि एका दुपारी सुपारीएवढ्या गारा कोसळल्या. माझं नसराळं काठोकाठ भरलं, भोक बुजलं. महिपती धावत आला आणि सवयीने सगळ्या गारा ओंजळीने फेकून दिल्या. अरे, वितळू दे, मग मोज! पण मला वाचा कुठली? बाटलीत चार मिलिमीटर पाणी निघालं. वहीत तेवढंच लिहून त्याने शेरा मारला, ‘लई गार पडली.’

आमच्याकडे गार पडली म्हणजे गारपीट झाली. वही तालुक्याला गेली, तिथला कारकून परगावचा. त्याला वाटलं, हवा गार पडली. चार मिलिमीटर पाऊस आणि थंडी! गारपीट झालेल्या गावांना मिळणाऱ्या सरकारी चाऱ्याच्या यादीतून आमचं गाव वगळलं गेलं.

बजाबाईच्या शेतात कणसं झडली होती, कडबा काळा पडला होता. ती चावडीवर आली.

“महिपती, माजी बैलं काय खातील रं?”

“आक्का, आकडा खरा लिवलाय की.”

“पानी मोजलंस. मार कुटं मोजलास?”

महिपतीचं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी तो एसटीने तालुक्याला गेला, गारा न मोजता फेकल्याची चूक कबूल केली. साहेब म्हणाले, “गारा दाखव.” त्या कधीच मातीत जिरल्या होत्या.

बाजाराच्या दिवशी बजाबाई बैल घेऊन माझ्यासमोरून गेली. संध्याकाळी एकटीच परतली, हातात नुसते कासरे. महिपतीने मान वर केली नाही. मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना पुसा, सांभाळा. पण आकडा वाचून तिथेच थांबू नका. बांधावर जा, कणीस हातात घेऊन बघा. मी खोटं बोललो नव्हतो, तरी बैल गेले.