हिऱ्या-सर्ज्या फरार

गावाकडून थोरल्या भावाचं, हरिभाऊदादाचं पत्र मागच्या बेंदरानंतर आलं होतं. विश्रामनं ते वाचलं, घडी घातली आणि हळदीच्या डब्यामागं सारलं. शिमगा उलटला, तरी उत्तर गेलं नव्हतं.

दादानं लिहिलं होतं, 'गावात पोलीस पाटलाची जागा रिकामी हाय. फौजेतला गडी म्हणून समदं गाव तुझंच नाव घेतंय. फकस्त पोलिसांचा डागाबिगर दाखला आण.'

विश्रामच्या नावावर डाग होता, आणि तो पडला होता बैलांपायी.

फौजेतून सुटल्यावर तो चंदीगडच्या कडेला, तोफखान्यातल्या आपल्या जोडीदाराच्या, गुरनामसिंगाच्या शेतावर राहिला होता. दिवस वाईट होते. पंजाब पेटलेला. दिवेलागणीला रस्ते ओस पडायचे, आणि पाच माणसांनी एकत्र जमायला बंदी. पण बेंदूर कसा चुकवायचा? विश्रामनं हिऱ्या-सर्ज्याच्या शिंगांना हिंगूळ लावला, अहिल्येनं त्यांना पुरणपोळी चारली, आणि गुरनामसिंगानं हौसेनं ढोल गळ्यात घातला. वरात गल्लीच्या तोंडाशी जाते न जाते, तोच पोलिसांची जीप.

"और कौन कौन था?" ठाण्यात नोंदी लिहिणाऱ्या मुन्शीनं विचारलं.

विश्रामनं घरची नावं सांगितली. तो, अहिल्या, सरदार, हिऱ्या, सर्ज्या. झाले पाच!

कोर्टात कुणीसं कानाला लागलं, "हां बोल दे, जुर्माना भर, घर जा." बैलांच्या वैरणीची वेळ झालेली. विश्राम हां म्हणाला, दंड भरला आणि गुन्हेगार होऊन घरी आला.

"अवं, भावजींना काय कळवायचं?" अहिल्येनं शेवटी विचारलं.

"काय कळवू? पोलीस पाटील हुयाला निघालो, तर पोलिसांनीच धरलं म्हणून?"

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं ऱ्हातंय व्हय? उठा!"

अहिल्या एका हवाई दलातल्या साहेबाकडं दूध घालायची. साहेबांची बायको शालिनीताई कराडची, आणि वकील. सगळं ऐकून ताई हसून हसून लाल झाल्या.

"अहो विश्रामभाऊ, बैलांचीसुद्धा नावं दिलीत?"

"मग? घरातलीच न्हवं ती?"

"आणि इतके महिने गप्प बसलात! आता उशीर माफ करा म्हणून वेगळा अर्ज."

वरच्या कोर्टात ताईंनी मांडलं, ज्या अधिकाऱ्यानं बंदीहुकूम काढला त्याचीच लेखी तक्रार लागते, ती नाही. खटलाच उभा राहत नाही. शिवाय माणसं पाच नव्हतीच.

जज्जसाहेबांनी सरकारी वकिलाला विचारलं, "बाकी के दो?"

"फरार हैं, जनाब."

विश्रामला राहवेना. तो मागून उठला. "कहां के फरार, साब? खूंटे पे बंधे हैं. चारा खा रहे हैं."

"इक तां मारदा वी है, जी," त्यातला एक मारकाही आहे, अशी गुरनामसिंगानं भर घातली.

जज्जसाहेबांनी चष्मा काढला आणि मान खाली घालून बराच वेळ पुसला. शिक्षा रद्द झाली. दंड माघारी द्यायचा हुकूमही झाला.

विश्रामनं त्याच दिवशी कार्ड लिहिलं, 'दादा, डाग धुतला. या बेंदराला गावात हाय.'

टपालपेटीपाशी अहिल्येनं त्याला अडवलं. "अन् तिथं कुणी इचारलं, पाटील, घरात माणसं किती, तर?"

"आधी वकील बोलवा म्हणीन," विश्राम म्हणाला, आणि कार्ड पेटीत सोडलं.