सहाव्या चिपची जागा

दादाच्या सिंथमध्ये, त्या विजेवर वाजणाऱ्या जुन्या पेटीत, सहा आवाज होते आणि प्रत्येक आवाजाची चिप वेगळी. एकच पट्टी पुन्हापुन्हा दाबली की ते पाळीपाळीने येत, म्हणून बिघाड शोधताना दादा आधी तेवढंच करायचा. दादा जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात, त्याच्याच स्टुलावर बसून धाकटा भाऊ तीच पट्टी दाबत होता. पाच वेळा सूर, सहाव्यांदा मुकाट.

आजारपणात दादाने या सिंथवर सहा सुरांचा एक मेळ जुळवला होता, संथ, भरघोस, सहाही आवाज लागले तरच पुरा होणारा. वहिनीने तो ऐकला होता. धाकट्याच्या वाट्याला येईपर्यंत सहावी चिप गेली होती. त्याला तो एकदा पुरा ऐकायचा होता, बाकी काही नको होतं.

"त्या चिपा बनायच्या बंद होऊन जमाना झाला, राजा," जुना माल विकणारा फोनवर म्हणाला.

"मग गेल्या वेळी दिलीस ती काय होती? छाप घासून नवा मारलेला! लावल्याबरोबर धूर निघाला."

"वास तरी अस्सल आला ना?"

धाकट्याने फोन आपटला आणि त्याच रागात, सिंथ चालू असतानाच, मेलेली चिप उपसून काढली. चालू यंत्रात हात घालायचा नाही, हे दादाने त्याला हजारदा बजावलं होतं. मग उगाच, चडफडत, तो पट्टी दाबत राहिला, आणि सहाव्यांदा सूर आला.

त्याने वाकून पाहिलं. सॉकेट रिकामं होतं, आत नुसती भोकं. सूर किंचित उतरलेला, जरासा थरथरता, पण होता. दोन्ही हातांनी त्याने पुरा मेळ दाबून धरला तेव्हा आतून वहिनी हात पुसत आली आणि दारातच थांबली.

"हाच तो," ती म्हणाली. "जमलं की तुम्हाला, भाऊजी."

रिकामं सॉकेट त्याने तिला दाखवलं नाही.

पुढे तो सहावा सूर बोट उचलल्यावरही रेंगाळू लागला, कुणी उठता उठता पुन्हा टेकावं तसा. मग एका दुपारी तो बोट पट्टीला लागायच्या आधीच आला. धाकट्याने मनाची समजूत घातली, की बोर्डात कुठेतरी शॉर्ट आहे, वीज भलतीकडे फिरतेय, आणि असंच चाललं तर उरलेल्या पाचही चिपा जळून दादाचा मेळ कायमचा जाईल. मीटर लावून त्याने एकेक जोड तपासला. मीटर म्हणे सगळं ठीक. त्याचं डोकं भणाणलं.

अखेर एका मोडक्या सिंथमधली अस्सल चिप मिळाली. या वेळी यंत्र बंद करून, श्वास रोखून त्याने ती बसवली आणि मेळ दाबला. सहाही आवाज आले, स्वच्छ, सारखे, प्रार्थनेला रांगेत उभी केलेली पोरं जणू. त्यात दादाचं काहीच नव्हतं.

त्याने चालू सिंथमधून ती चिपही उपसली. पाच वेळा सूर, सहाव्यांदा मुकाट. पुन्हा दाबलं, पुन्हा मुकाट. बोटाचं टोक लाल झालं.

"बोल ना!" तो ओरडला आणि टेबलावर मूठ आपटली. डब्यातले स्क्रू खळकन जमिनीवर सांडले. "आता काय झालं तुला? बोल की रे!"

आवाज ऐकून वहिनी आली. तिच्या देखतच त्याने पुन्हा पाच सूर मोजले आणि सहाव्याला पट्टी घट्ट दाबून धरली. त्याच्या कानाला फक्त पंख्याची घरघर येत होती. सॉरी म्हणून तो बोट काढणार, तोच ती चौकटीला टेकली. तिचे डोळे मिटले होते.

"बोट काढू नका हां, भाऊजी," ती हळूच म्हणाली. "त्याचं बोलणं व्हायचंय अजून."

धाकट्याने बोट तसंच ठेवलं. ती ऐकत राहिली, मधेच हुंकार देत, एकदा तर किंचित हसलीसुद्धा. मग कुणीतरी काही विचारल्यासारखं तिने डोळे उघडले, धाकट्याच्या कानाकडे पाहिलं, आणि सिंथकडे वळून नाही म्हणून मान हलवली.